शंभरातले सतरा

डॉन बाल्तासारांनी अर्ज टेबलावर पालथा टाकला आणि त्यावर पाण्याचा जग ठेवला, जणू तो पळून जाणार होता.

"चोरी आहे ही. आणि चोराला तीन वर्षं दुर्बीण बंद, असा नियम आहे आपला."

मिरेया समितीची अध्यक्ष होती, ते सदस्य. वीस वर्षांपूर्वी त्यांची विद्यार्थिनी. सान्तियागोतल्या त्या खोलीत बाकीचे जेवून गेल्यावर दोघंच उरली होती. उत्तरेच्या वाळवंटातली मोठी दुर्बीण तीन रात्रींसाठी कुणाला द्यायची, एवढंच ठरायचं होतं. अर्ज नऊ, नावं झाकलेली. झाकली नाहीत तर खगोलशास्त्रज्ञ आधी नाव वाचतात आणि सवड झाली तर आकाश.

"चोरी कशावरून, प्रोफे?" प्रोफेसरांना ती अजून वर्गातल्यासारखीच हाक मारायची.

"सतरावरून! महाकाय तारा भोवतीचा वायू लोटत सुटतो. त्याच्या वाऱ्याचा किती जोर त्या लोटण्यात जातो? हा म्हणतो, शंभरातले सतरा. तो आकडा माझा आहे."

"कुठे छापलाय?"

"छापेन कसा? मोजलाय कुणी? तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती, फळ्यावर काहीतरी लिहायला हवं होतं. सतरा लिहिलं. म्हणजे कुणीतरी माझं टिपणांचं कपाट उघडलंय."

पावावर आवोकाडो फासणारी मिरेयाची सुरी थांबली.

"म्हणजे अंदाज?"

"अंदाज माझा. चोरी त्याची."

तिने हात पुसले आणि उरलेले अर्ज पुढे ओढले.

"हा बघा. सतरा. हा, सतरा, 'सर्वमान्य'. यात सतरा पूर्णांक शून्य. याने दशांश चिन्हसुद्धा दिलंय."

"टोळी आहे," डॉन बाल्तासार म्हणाले.

"प्रोफे, मोठ्या ताऱ्यांवर काम करणारे या देशातले बहुतेक सगळे तुमच्या वर्गातून गेलेत. मीही. दीर्घिकेत किती तारे जन्मले, किती जन्मायचे राहून गेले, सगळं आम्ही त्या सतरावर उभं केलंय. माझा प्रबंधही."

ते बराच वेळ अर्ज मोजत बसले.

"हे आठच. नववा कुठाय?"

"त्यात सतरा नाही. तो लिहितो, हा आकडा कुणी मोजलेलाच दिसत नाही. तीन रात्री द्या, मी मोजतो." तिने कागद त्यांच्याकडे फिरवला. "सगळ्यांत कमी गुण तुम्ही यालाच दिलेत."

समासात त्यांच्याच हिरव्या शाईत होतं: मूलभूत गोष्टी ठाऊक नाहीत.

त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर थांबले, कागदी रुमालावर काही आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली.

"हा माझा विद्यार्थी नाही."

"नावं झाकलेली आहेत, प्रोफे."

"नाही म्हणजे नाही. कुठून उगवला हा? कुणी पाठवलाय?" अर्ज मात्र त्यांनी हातातून सोडला नाही. "आणि गणितही कच्चं आहे गाढवाचं. तीन रात्रींत हे मोजून होत नसतं."

"मग नाकारू?"

"यंदा माझ्या दोन रात्री मंजूर आहेत ना," ते कागदावरची नजर न काढता म्हणाले, "त्या जोड याला. देणाऱ्याचं नाव झाकून."