हरलेलं मत

नेदरलंड्समधल्या उइटहॉर्नच्या वाचनालयात फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती. आठवड्यातून एक सकाळ इंग्रजी वाचून दाखवणारं कोणीतरी हवं आहे; नुसती मान डोलावणारी व्यक्ती नको. सुनेत्रानं ती दोनदा वाचली आणि नंबर उतरवून घेतला.

सुनेत्रानं पुण्यात सात वर्षं शिवाजीनगर कोर्टात वकिली केली होती. नवऱ्याला, ओमकारला, इकडे नोकरी लागली, तशी काळा कोट माहेरी ठेवून तीही आली. इथं तिच्या सनदेला कोणी विचारत नव्हतं. चार वर्षं घर आणि डचचा क्लास यांतच गेली.

चिठ्ठी येट द लेऊव यांची होती. चौऱ्याऐंशीच्या येटबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ज्यू. एकतीस वर्षं त्या आणि त्यांची मैत्रीण सेल्मा दर मंगळवारी आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या इंग्रजी भाषांतराचं एकेक पान घेऊन वाद घालत बसायच्या. आधी सेल्मा गेली, मग येटबाईंची नजर अधू झाली.

पहिल्या मंगळवारी सुनेत्रानं पान नीट वाचलं आणि छान आहे म्हणाली.

"छान म्हणू नका," येटबाई म्हणाल्या. "कुठे पटत नाही ते सांगा."

सुनेत्रा अवघडली. मी हिंदू, तुमच्या ग्रंथात खोट कशी काढू, असं तिनं विचारलं. येटबाई हसल्या. आमच्यात प्रश्न विचारणं हा अपमान नसतो, त्यांनी समजावलं, पानाला दिलेला तो मान असतो. नियम पानाच्या मधोमध असतो आणि त्याच्याभोवती शेकडो वर्षांची माणसं भांडत असतात. जो हरला त्याचंही मत पुसत नाहीत. पुढे कधीतरी कोणाला त्याची गरज लागेल, कोणी सांगावं?

तिसऱ्या मंगळवारी सुनेत्रातली वकील जागी झाली. ती हटकू लागली, दाखले मागू लागली. येटबाई तावातावानं उत्तरं द्यायच्या, कॉफी गार व्हायची. घरी परतताना सायकलवरही सुनेत्राच्या डोक्यात युक्तिवाद चालू असायचा.

फेब्रुवारीत हरवलेल्या वस्तूंचं पान आलं. नियम असा, की वस्तू हरवलेल्या माणसानं "गेलं माझं" म्हणून आशा सोडली, तर ती ज्याला सापडेल त्याची होते. तोंडून शब्द निघाला की आशा सुटली असं धरायचं.

"हे मला पटत नाही," सुनेत्रा म्हणाली. "माणूस चारचौघांत लाज राखायलाही म्हणतो, गेलं तर गेलं. तोंडानं तसं म्हणतो आणि हात मात्र खिसे चाचपत असतो. शब्दावर जाऊ नये, हाताकडे बघावं."

येटबाईंनी हातातला कप खाली ठेवला. आपलं काही चुकलं का, असं सुनेत्राला वाटलं. मग त्या सावकाश सांगू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या भीतीनं त्यांना आणि त्यांच्या आईला एका खेड्यात लपून राहावं लागलं होतं. पकडून नेलेले वडील परत आले नाहीत. आई कपडे शिवायची. लपायला जाताना शिवणयंत्र खालच्या शेजारणीकडे ठेवून गेली होती. युद्ध संपल्यावर पाच वर्षांच्या येटचा हात धरून ती ते मागायला गेली. शेजारणीनं दार अर्धवटच उघडलं. आत यंत्र चालू असल्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, "राहू द्या, गेलं ते गेलं," आणि जिना उतरली. येटबाईंनी हे आईला कधी माफ केलं नाही. इतक्या सहज कशी सोडून आली?

"पण त्यानंतर आई कोणाच्याही घरी गेली," त्या म्हणाल्या, "आणि तिथं शिवणयंत्र दिसलं, की वाकून त्यावर कोरलेला नंबर बघायची. मरेपर्यंत. मला त्याची लाज वाटायची. ऐंशी वर्षांत तिची बाजू कोणी मांडली नव्हती, सुनेत्रा. तुम्ही मांडलीत. मी तुमची फार ऋणी आहे."

सुनेत्रानं त्यांचा हात हातात घेतला. त्या दिवशी पुढचं पान उघडलं नाही.

पुढच्या रविवारी येटबाई तिला जवळच्या आम्स्टेल्फेन गावी आपल्या अभ्यासमंडळात घेऊन गेल्या. आठ माणसं टेबलाभोवती बसली होती. येटबाईंनी तो युक्तिवाद मांडला, पण आधी म्हणाल्या, "हे माझं नाही. हे सुनेत्रानं सांगितलं." ज्याचा विचार त्याचं नाव घेऊनच बोलायचं, हा त्यांच्यातला जुना दंडक. मग तासभर खडाजंगी झाली. मनातलं कोण ओळखणार, असं म्हणत पाच जण विरोधात गेले. तरी चिटणिसानं ते मत वहीत टिपलं आणि नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं.

बसथांब्यावर सुनेत्राचे डोळे भरून आले होते. पुण्यात तिनं रात्र रात्र जागून लिहिलेले युक्तिवाद जिंकायचे, पण नाव सीनियरचं व्हायचं. इथं ती हरली होती आणि वहीत नाव तिचं होतं. तिनं येटबाईंना हे सांगितलं, आणि आभार कसे मानू ते कळत नाही, असंही म्हणाली.

येटबाईंनी तिच्या दंडावर थोपटलं. बस आली. सुनेत्रानं त्यांना हात देऊन आत चढवलं, खिडकीशी बसवलं. बस सुटते न सुटते तोच येटबाई म्हणाल्या, की त्या पाच जणांच्या बोलण्यातही एक गोष्ट खरी होती. वस्तू सापडलेल्या बिचाऱ्यानं किती वर्षं वाट बघायची, आणि तोवर...

सुनेत्रानं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही; तिचा युक्तिवाद सुरूही झाला होता.