तिसरा पेड

“बाबा, हे बटण लावून दाखवा बरं.”

पुंजाजींनी सदऱ्याची सगळी बटणं भराभर लावली, काढली, पुन्हा लावली. धम्मशीला बघतच राहिली. मेहकरच्या त्या उपचार केंद्रात ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून नुकतीच रुजू झाली होती. लकव्यानं हात गेलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत, हे तिचं काम. पुंजाजींच्या फाइलमध्ये पानामागून पान एकच ओळ होती : ‘बटण लावण्याचा सराव. प्रगती समाधानकारक.’

“हे कधीपासून जमते तुमाले?”

“दिवाळीपासून.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“मले वाटलं, इथं असंच असते.”

धम्मशीलाचं कुतूहल चाळवलं. बटणं जमत असूनही हा माणूस सुलतानपूरहून एसटीनं येतच होता. म्हणजे त्याला आणखी काहीतरी हवं होतं.

“या हातानं खरं काय करायचं हाय, बाबा?”

पुंजाजींनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर त्यांची बायको कौशल्याबाई बसली होती.

“तिचे खांदे आखडले. हात वर जात नाई. लकवा व्हायच्या आंधी तिची वेणी मीच घालत होतो. आता सून घालते, पण घाईत वढते. बोलत नाई थे, पण डोये भरतात तिचे.”

धम्मशीलानं पेन उचललं, तसा त्यांनी डावा हात आडवा घातला. “हे लिवू नोका, बाई. लोक हसतीन.”

तिनं पेन खाली ठेवलं. “नाई लिवत. पण उद्या माझ्या जागी दुसरं कोणी आलं, तं तुमाले पुन्हा बटणंच लावाले सांगन. अन् फाइल उपचार करणाऱ्याबिगर कोणी पाहत नाई.”

पुंजाजींनी आडवा घातलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, “तं मंग नीट लिवा. तिसरा पेड सुटते. करंगळीतून.”

खुर्चीच्या पाठीला सुतळीचे तीन पेड बांधून त्यांचा सराव सुरू झाला. काय जमलं, काय निसटलं, ते धम्मशीला लिहायची आणि त्यांना वाचून दाखवायची.

उन्हाळ्यात आईच्या ऑपरेशनसाठी तिला लांब रजा घ्यावी लागली. परतल्यावर तिनं आधी पुंजाजींची फाइल उघडली. बदलीवर आलेल्या सुवर्णानं लिहिलं होतं : ‘सुतळी टोचते, लोकर घेतली. करंगळीऐवजी मधलं बोट वापरलं, पेड टिकला. पुढे खरे केस, कौशल्याबाईंना विचारून.’

सुवर्णाच्या तिथल्या शेवटच्या दिवशी पुंजाजी बायकोच्या मागे उभे राहिले, कंगवा दातांत धरून. वेणी झाली. जरा सैल, डावीकडे कललेली. सुवर्णा सरळ करायला पुढे झाली.

“राहू द्या, बाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. पुंजाजींनी वेणी त्यांच्या खांद्यावरून पुढे सोडली. तिचं टोक मुठीत धरून त्या तशाच बसून राहिल्या.