संबंधाचा रकाना

मुरलीधर तळ्याकाठी उकिडवे बसले आणि पाण्यावर आडवी पडलेली काडी त्यांनी अलगद बाजूला केली. खाली एक न्यूट, बेडकाच्या गोतातला शेपटीवाला पाणजीव, तरंगत होता. पालीएवढा, पाठीवर कातरलेला तुरा, पोट नारिंगी. त्यांनी वहीत सातवी रेघ मारली.

"बाबा, हात नका लावू. संरक्षित प्राणी आहे, लायसन्स लागतं," मागून त्यांची मुलगी ऋजुता म्हणाली.

"काडीला लावला. काडीला नाही लागत."

नॉटिंगहॅमहून बसने अर्ध्या तासावरचं हे तळं बुजवून तिथे कार पार्क होणार होता. मुरलीधरांनी तिथल्या कौन्सिलला चार पत्रं धाडली आणि चारही वेळा तोच सभ्य प्रश्न परत आला. आपला या जागेशी संबंध काय? आता घर अकरा मैलांवर, जमीन भलत्याचीच. पेन्शनीतला माणूस संबंध तरी कसला सांगणार? त्या एका प्रश्नाला त्यांनी दर वेळी बगल दिली, आणि बगल देणं त्यांच्या स्वभावात मुळीच नव्हतं.

ऋजुता सॉलिसिटरकडे कामाला होती. ब्रिटन तेव्हा अजून युरोपियन युनियनमध्ये होता; न्यूटचं घर मोडू नये असा युनियनचा कायदा आहे, आणि तो कुणी धाब्यावर बसवला तर ब्रसेल्सला युनियनच्या कचेरीत तक्रार करता येते, हे तिनेच शोधलं. आज ती फॉर्म छापूनच घेऊन आली होती.

मुरलीधरांनी चष्मा चढवला. मे महिन्यातलं संध्याकाळचं ऊन मावळायला तयार नव्हतं. पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि त्या ढगांमधून न्यूट सावकाश पोहत होता. वाचता वाचता त्यांचं लक्ष तिकडेच जाई.

"संबंधाचा रकाना कुठंय?"

"नाहीये, बाबा. इंटरेस्ट, म्हणजे आपला संबंध, प्रूव्ह करावा लागत नाही. एनीवन कॅन कम्प्लेन."

त्यांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. चार पत्रांत जे लपवलं, ते आता कुणी विचारतच नव्हतं.

"तुझ्या आईला इथे बसायला आवडायचं," ते म्हणाले. "शशिधरकाका कलश घेऊन नाशिकला निघाला ना, त्याच्या आदल्या सकाळी मी एक मूठ अस्थी इथे सोडल्या."

आई नाशिकला, तिला भेटायचं तर विमान लागतं, असं ऋजुता सहा वर्षं म्हणत आली होती. ती काठावर बसली, बाही वर सारली आणि हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला. न्यूट तुरा हलवत खोल गेला.

मुरलीधरांनी सही केली. लायसन्सचा विषय कुणीच काढला नाही.