नाल्यावरच्या शिंदीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी बाभुळगावकडच्या एका नाल्यावरची जुनी शिंदी आहे. आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. आणि का नाही रागावणार?

एकेकाळी या काठावर आमची दाटी होती. माझ्या पानांचे फडे गावातली हुस्नाबी बांधायची, अजूनही बांधते. निम्म्या गावाची अंगणं त्याच फड्यांनी झाडली. उन्हाळ्यात पोरं माझ्याखाली शिंदोळ्या वेचून खायची. मग नाला खोल करायला मशीन आली आणि आम्ही मोजून बारा उरलो.

तेव्हा कुठे गावाला कळवळा आला. माझ्याच सावलीत सभा भरली. झाडं राखायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष किसनराव म्हणाले, "फळं देते ते झाडं ठेवा, बाकीचे तोडा. कायले जागा अडवून राह्यले?"

हुस्नाबी उठली. "किसनभाऊ, ते नर हायेत. पपईत असते तसे."

"मंग? पपईचा नर आपण उपटूनच फेकतो ना!"

सगळे हसले. घ्या! अहो, पपईचा नर एकानं उपटला तरी शेजारच्या वावरात एखादा राहतो. आमचे नर सारे मिळून पाचच होते, आणि त्यांच्या परागाशिवाय आम्हाला फळ धरत नाही. पाचही तोडले.

मला मात्र तारेचं कुंपण, पाटी आणि वर हार! काय करू त्या हाराचं? तीन उन्हाळे माझा फुलोरा नुसताच वाळला. एक शिंदोळी नाही, एक रोप नाही. किसनराव खोडावर थाप मारून म्हणायचे, "म्हातारी झाली बिचारी." अंगाची नुसती आग व्हायची.

गेल्या फाल्गुनात हुस्नाबी मारेगावला बहिणीकडे गेली होती. तिथल्या एका नराचा फुलोरा ओढणीत बांधून तिनं एसटीनं आणला. तिचा नवरा रहमत काटे टोचून घेत वर चढला आणि त्या फुलोऱ्याच्या काड्या त्यानं माझ्या फुलोऱ्यात खोवल्या. घड धरला, मित्रांनो! मला रडूच आलं.

पावसाळा सरता सरता खाली नऊ रोपं उगवली. काल किसनराव विळा घेऊनच आले.

"हुस्नाबी, यातले नर कोणते ते दाखव. आत्ताच काढून टाकू."

"फूल आल्याबिगर कोणालेच नाही समजत, भाऊ."

"म्हंजे किती वर्षं?"

"सात-आठ तरी. तोवर सगळ्याइलेच पाणी घाला."

किसनरावांनी वाकून नऊही रोपं निरखून पाहिली. मग विळा कमरेला खोचून घरी गेले.

मित्रांनो, माझा त्यांच्यावर भरवसा नाही. येता-जाता तुम्हीच या रोपांवर लक्ष ठेवा. आणि फळ देत नाही म्हणून कुणी झाड तोडायला निघालं, तर त्याला आधी माझ्याकडे आणा. ते तीन उन्हाळे कसे काढले, ते मी त्याला सांगते.