छोट्या बाई

वेचलेल्या कापसाची ओटी तिथंच सरीत मोकळी करून बेबीनंदा निघाली, ती पायात चप्पल घालायचंही विसरली. संघपालची आई नंदाबाई शेतात येऊन बोंबलून गेल्ती. तुझ्या मोनालीनं माझ्या संघपालला पट्टीनं मारलं, हात सुजलाय लेकराचा, म्हणे. सात वर्षांची पोर, दुसरीतली, आणि लोकांची लेकरं बडवते! आज हिला बराबर ताळ्यावर आणते, असं पुटपुटत बेबीनंदा बांध तुडवत शाळेकडं चालली होती.

पोर शेफारली होती हे खरंच. पाचव्या वर्षी पेपर घडाघडा वाचायची, विहारातली वंदना तिला मोठ्या माणसांच्या आधी पाठ. शाळेत चार वर्ग अन् मास्तर दोनच. त्यातले एक सदा तालुक्याला मीटिंगला. म्हणून भुजंग सरांनी जूनपासून पहिलीचा वर्ग मोनालीच्याच हवाली केलेला. पोरं तिला ‘छोट्या बाई’ म्हणायची. ही गोष्ट बेबीनंदानं पार अंकुशनगरच्या बाजारापर्यंत सांगून ठेवली होती. सगळ्यांनी मिळून पोरीला डोक्यावर चढवलं, आणि त्यात सगळ्यात पुढं कोण, तर आईच. ह्याचाच तिला जास्त राग येऊन राह्यला होता.

वर्गात मोनाली फळ्यापाशी उभी होती, हातात तीच पट्टी. भुजंग सर खुर्चीत बसून मोबाईलवर कसलीशी ऑनलाइन माहिती भरत होते. बेबीनंदानं पट्टी हिसकावून व्हरांड्यात भिरकावली, पोरीला दंडाला धरून पुढं ओढलं आणि संघपालची माफी मागायला सांगितलं. मोनाली गप्प. पुन्हा सांगितलं, तरी गप्प. मंग आईचं पित्त खवळलं.

“कान धर. पन्नास उठाबशा काढ, सगळ्यांसमोर.”

मोनालीनं कान धरले आणि आकडे म्हणत खाली-वर व्हायला लागली. रडणं न्हाई, गयावया न्हाई. सर हसून म्हणाले, जाऊ द्या ताई, हुशार पोरं हट्टीच असतात. त्या हसण्यानं बेबीनंदाच्या अंगाची लाही झाली. हुशार म्हणून काय आमच्या डोक्यावर मिरे वाटायचे? बघू तरी कसली हुशारी, म्हणत तिनं पोरीचं दप्तर ओढून वह्या बाहेर काढल्या.

गणिताची वही जुलैतच थांबली होती. मराठीची बिलकुल कोरी. आणि आता तर दिवाळी होऊन गेल्ती.

“हे काय? लिहिलं का न्हाई?”

बत्तीस म्हणून मोनाली थांबली. तिला धाप लागली होती.

“मी कवा लिहू? मी पहिलीला शिकवून राह्यले ना. सर म्हणले, पहिलीतल्या सगळ्यांना वाचता आलं की तू दुसरीत बस. सगळ्यांना आलं. एकट्या संघपालला येत न्हाई. म्हणून मारलं.”

सरांनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. बेबीनंदा त्यांच्यावर अशी तुटून पडली की बाहेरची पोरं खिडकीत गोळा झाली. पगार कोण घेतं आणि शिकवतं कोण, लेकराचं अर्धं वर्ष गिळलं तुम्ही, असं ती तोंडाला येईल ते बोलली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मंग खाली बघत म्हणाले, “ताई, पंधरा ऑगस्टला तुम्हीच तर सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या.”

बेबीनंदाला पोळा आठवला. पोळ्याच्या आसपास मोनाली एकदा म्हणाली होती, आई, मला न्हाई शिकवायचं. तेव्हा हिनंच डोळे वटारले होते, एवढा मान मिळून राह्यला तर नखरे करते म्हणून. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं.

“बस झालं, मोना,” ती म्हणाली. “जाय, दुसरीच्या पोरांत बस.”

मोनालीनं कान सोडले न्हाईत.

“अजून अठरा राह्यल्या.”

आईनं तिचा हात धरला, तो तिनं झटकून टाकला, आणि तेहतीस म्हणत खाली बसली.