शिल्लक वर्ष

दर रविवारी सकाळी साडेनऊला ओजसचा फोन वाजायचा. ओजसला जाऊन चार वर्षं झाली होती.

फोन इलाच्या बॅगेत असायचा, मोज्यांच्या घडीखाली. प्रॅक्टिस असो, मॅच असो, टीमची बस असो, रविवारी त्या वेळी ती एखादा कोपरा गाठायची आणि नागपूरहून आलेला आबांचा व्हॉइस मेसेज कानाला लावायची.

"ओजस, बेटा, जेवलास का? काल कांचनने इलाची मॅच लावून दिली. मला दिसत तर काही नाही, पण चेंडूचा आवाज कळतो. शेवटचे दोन रिंगला लागून गेले. कोपर बाहेर जातंय तिचं. तू सांग तिला, माझं ऐकत नाही."

मग इला भावाच्या फोनवर भावाच्या नावाने उत्तर टाइप करायची. "सांगतो आबा. इथे खूप काम आहे. हीटर परत बिघडलाय." तिकडे कांचनताई ते आबांना वाचून दाखवायच्या. त्या आबांकडे दिवसभर असत आणि त्यांना सगळं माहीत होतं.

आबा म्हणजे इलाचे आजोबा, नागपूरचे गुरुदत्त सर. शाळेत पस्तीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. इला आठ वर्षांची आणि ओजस अकरा वर्षांचा असताना ते सहा महिने अमेरिकेत, श्रूजबरीच्या घरी येऊन राहिले. गॅरेजवर रिंग त्यांनीच ओजसला शिडीवर चढवून बसवून घेतली आणि दोघांना बास्केटबॉल खेळायला शिकवलं. चेंडूवरचं हवेचं छिद्र आधी बोटाने शोधायचं, कोपर आत घ्यायचं, मग फेकायचं. आणि आणखी एक. आबांच्या मैदानावर पंच नसे. चेंडू रेषेबाहेर गेला की ज्याच्या हाताला शेवटी लागला त्याने स्वतःच हात वर करायचा आणि म्हणायचं, "माझा." कुणी ओरडायचं नाही, कुणी वाद घालायचा नाही. हात वर केला की खेळ पुढे सुरू.

इला ते कधी विसरली नाही. कॉलेजच्या मोठ्या मॅचमध्ये, हजारो लोकांसमोर, पंचाला दिसलं नसलं तरी तिचा हात वर जायचा. कोच डोक्याला हात लावायचे. टीव्हीवरचे लोक कौतुक करायचे. इला मात्र त्या कौतुकाने आतून आक्रसायची, कारण एक हात तिने कधीच वर केला नव्हता.

ओजस फेब्रुवारीत गेला. इलाची हायस्कूलची शेवटची मॅच गाडीने दीड तासावरच्या गावी होती. रस्त्यावर पाणी गोठून काचेसारखं झालं होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं. त्याच आठवड्यात आबांची बायपास झाली होती. आबांचा मुलगा, म्हणजे इलाचा बाबा अरुण, म्हणाला, "बाबांना आत्ता नको. टाके सुकू देत." टाके सुकले, तेव्हा डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. ते बिघडलं. मग नजर गेल्याचं दुःख निवू दे, असं झालं. असं करत करत सांगायची वेळ निघून गेली आणि लपवायची सवय लागली. ओजस जिवंत असतानाही फोन करत नसे, मेसेज करायचा. म्हणून तर हे जमलं.

सुरुवातीला उत्तरं अरुण लिहायचा. इलाने फोन मागून घेतला. "मी करते, बाबा. मला त्याची स्टाइल येते." अरुणला सुटल्यासारखं झालं. मुलगी किती समजूतदार, असं इलाच्या आईला, सुवर्णाला वाटलं. त्या फोनमध्ये वर, थोडं मागे सरकवलं तर काय दिसेल, ते त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

चार वर्षांत फोनमधला ओजस मोठा होत गेला. इलाने त्याला सिएटलला नोकरी लावून दिली, बढती दिली, सतत बिघडणारा हीटर असलेली खोली दिली. तो पंचवीस वर्षांचा झाला. गेल्या दिवाळीत आबांनी त्याच्यासाठी शिवांगी नावाची एक मुलगीही सुचवली. "डॉक्टर आहे. फोटो कांचन पाठवेल. मला काय, तुझा आवाज ऐकायला मिळाला तरी पुरे." त्या दिवशी इलाला उत्तर लिहायला दोन तास लागले.

आता एप्रिल होता. रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे शेवटचे ढीग वितळत होते. मोसम संपला होता आणि इलाला ठरवायचं होतं.

गोष्ट साधी होती. कॉलेजात चार मोसम खेळता येतात. ओजस गेला त्या वर्षी इला कॉलेजात दाखल झाली खरी, पण पूर्ण मोसम बाकावर बसून राहिली. चेंडू हातात घेतला की बोटं गार पडायची. त्यामुळे पदवी हातात येऊनही तिचा एक मोसम शिल्लक होता. तो खेळायला ती थांबली, तर बुटांची एक कंपनी जाहिरातीसाठी एवढे पैसे द्यायला तयार होती की घराचं सगळं कर्ज फिटलं असतं. व्यावसायिक लीगमध्ये गेली, तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्मेही नाहीत, आणि टीममध्ये जागा मिळेलच असंही नाही. अरुणची नोकरी ऑगस्टात गेली होती. घरात कुणी तिला काही म्हणत नव्हतं. पण कुणी काही म्हणत नाही, हेही ऐकू येतंच.

शनिवारी ऋषी आला. तो इलाचे करार बघायचा. अमेरिकेतच, अल्फारेटाला वाढलेला, आईवडील पुण्याचे, वय तिशीच्या आतलं.

"काकू, पोहे अमेझिंग," तो म्हणाला आणि बशी बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला. "कंपनीला तीन मिनिटांची फिल्म करायचीय. शूज काय, सगळेच विकतात. त्यांना स्टोरी हवीय. बहिणीची मॅच बघायला निघालेला भाऊ. स्नो, हायवे. आणि ती अजून त्याच्यासाठी खेळते. सॉरी काकू, मी जरा डायरेक्ट बोलतोय."

"बोल रे. खरंच आहे ते," सुवर्णा म्हणाली. ती टेबलावरचा एक सांडलेला पोहा बोटाने उचलत होती. "दुपारी मला म्हणाला होता, मी नाही जाणार, असाइनमेंट आहे. आणि मग आपणहून निघाला. मन बदललं त्याचं. बहिणीवर जीव होता."

हे वाक्य इलाने चार वर्षांत कितीतरी वेळा ऐकलं होतं. आई ते मंदिरात सांगायची, मावशीला फोनवर सांगायची. रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःलाही सांगत असावी.

"एंडिंगला त्याचा लास्ट मेसेज दाखवायचाय. इलाला केलेला. असेल ना?"

"असेल की. त्याचा फोन हिच्याकडेच असतो."

"आणि बाबांचं काय?" अरुण म्हणाला. "इंडियात दिसेल ते."

"कोणते बाबा?"

अरुणने सांगितलं. ऋषीचा हात लॅपटॉपवरच राहिला. "म्हणजे त्यांना वाटतं की तो अजून..."

"सिएटलला आहे," इला म्हणाली.

"सिएटलला का?"

"टाइम झोन अडचणीचा आहे. त्यामुळे फोन होत नाही."

कुणी हसलं नाही. जाताना ऋषीने दारात चपळाईने बूट चढवले आणि हळू आवाजात म्हणाला, "इला, सोमवारपर्यंत यार. लीगला नाव द्यायचं की नाही. इथे थांबलीस तर मला फक्त तो एक स्क्रीनशॉट पाठव."

इला गॅरेजसमोर जाऊन उभी राहिली. रिंगची जाळी केव्हाच गेली होती. तिच्या गाडीच्या डिकीत, स्पेअर टायरशेजारी, एक कापडी पिशवी होती. पोलिसांनी फोनबरोबर परत केलेली. पिशवीत तिचे शूज होते. ते आधीपासून ओजसच्या गाडीत पडले होते, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. कुणी पुन्हा विचारलं नव्हतं.

तिने फोन काढला आणि आबांचे मेसेज सोडून आपल्या नावावर बोट ठेवलं.

"शूज विसरले. कॉटखाली बघ. आण ना."

"असाइनमेंट आहे. कुणाचे तरी घाल."

"ओजस प्लीज. लास्ट मॅच आहे."

"ड्रामा क्वीन. निघतो."

त्याखाली सगळे तिचेच. "कुठेयस?" "ओजस." "दुसरीचे घातले. आता येऊ नकोस." हा शेवटचा मेसेज गेला तेव्हा तो कुठल्या वळणावर होता, हे गणित ती चार वर्षं सोडवत होती. मिनिटं जुळायची नाहीत. कधी वाटायचं, वाचला असता तर परत फिरला असता. कधी वाटायचं, वाचायला म्हणूनच खाली बघितलं असेल.

तिने स्क्रीनशॉट घेतला आणि कडा आत ओढत नेल्या. वरचं कापलं, खालचं कापलं, बाजूचं "ड्रामा क्वीन"ही कापलं. मध्ये एकच शब्द उरला. "निघतो."

किती सुंदर दिसत होता तो. पांढऱ्या पडद्यावर, तिसऱ्या मिनिटाला. लोक रडले असते. आईला तिचं वाक्य कायमचं मिळालं असतं, बाबांना घर मिळालं असतं. आणि ओजस पुढचं वर्षभर दुकानांच्या काचांमधून तेच म्हणत राहिला असता. निघतो. निघतो. कुणी बोलावलं ते कधीच न सांगता.

मागे रिंगखाली कुणीतरी चेंडू दोनदा आपटल्यासारखा आवाज झाला. इलाने वळून बघितलं नाही. छपरावरून वितळलेलं पाणी पत्र्यावर पडत होतं, हे तिला माहीत होतं. तरी तिने वळून बघितलं नाही.

ती आत आली तेव्हा अरुण बश्या विसळत होता आणि सुवर्णा टेबलाशीच बसली होती. इलाने पिशवी टेबलावर ठेवली. फोन उघडून पिशवीशेजारी ठेवला. मग लहानपणी आबांच्या समोर करायची तसा उजवा हात वर केला.

"माझा," ती म्हणाली.

अरुणने नळ बंद केला. तो त्याच मैदानावर वाढला होता. त्या हाताचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता.

सुवर्णाने चष्मा लावला. तिने ते पाच-सात मेसेज फार सावकाश वाचले, परत वर गेली, परत वाचले.

"म्हणजे त्याचं मन बदललं नव्हतं."

"नाही आई. मी बोलावलं."

सुवर्णाने पिशवीतून शूज काढले. एक नाडी तशीच गाठीत अडकलेली होती, ती नखाने सोडवत राहिली. "चार वर्षं गाडीत ठेवलेस," ती म्हणाली. "थंडीने रबर तडकतं." मग ती शूज घेऊन वर गेली आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. अरुणने इलाचा अजून वर असलेला हात धरून हळूच खाली घेतला.

रविवारी साडेनऊच्या आधी त्यांनीच नागपूरला फोन लावला. सुवर्णाही येऊन बसली, पण इलाकडे न बघता. अरुणने चार वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"इला आहे का तिथे?"

"आहे, आबा."

"ती मॅच जिंकलात?"

"नाही. चार पॉइंटने हरलो."

"हं." पुन्हा पंखा. "मग मला मेसेज कोण करायचं?"

त्यांना दिसणार नव्हतं, तरी तिचा हात वर गेला. "मी."

"हीटरही तूच?"

"हो."

"मला त्या हीटरची फार काळजी लागली होती," आबा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी इलाने लीगला नाव दिलं. "कंपनीला काय सांगू?" ऋषीने विचारलं.

"सांग, स्टोरी खरी नाहीये."

"ओके, पण ते वर्ष? शूज नको तर दुसरं काहीतरी करू. थांब तरी."

"ते वर्ष ओजस गेला म्हणून शिल्लक राहिलंय, ऋषी. ते मला वापरायचं नाही."

त्या दुपारी अरुणने घराच्या कर्जाचे कागद काढले आणि बँकेत फोन लावून तो कितीतरी वेळ प्रतीक्षेचं संगीत ऐकत बसला. सुवर्णा तिसऱ्या दिवशी इलाशी बोलली. "मोजे दे धुवायला," एवढंच.

पुढच्या रविवारी इला स्वयंपाकघरात होती. साडेनऊ वाजले आणि वरच्या खोलीत, बॅगेत, ओजसचा फोन वाजला.

तिने जाऊन बघितलं. आधी कांचनताईंचा मेसेज होता. "इला, घाबरू नकोस. काका शुद्धीत आहेत. मी म्हटलं, काका, तो नाहीये. म्हणाले, ठाऊक आहे मला. पण इतक्या वर्षांची रविवारची वेळ, मी बोलू कुठे?"

सुवर्णा दारात येऊन उभी राहिली होती. "स्पीकरवर लाव," ती म्हणाली.

"ओजस, बेटा," आबांचा आवाज खोलीत आला, तसाच, नेहमीसारखा. "इलाने नाव दिलं म्हणे. जागा मिळेल न मिळेल, बघू. पण कोपर बाहेर जातंय तिचं. तू सांग तिला. माझं ऐकत नाही."

बोलणं संपलं, पण मेसेज संपला नाही. त्यात पंखा फिरत राहिला. पलीकडे म्हातारा माणूस श्वास घेत, उत्तराची वाट बघत बसल्यासारखा. इलाचा अंगठा सवयीने अक्षरांवर गेला आणि तिथेच थांबला. दोघी मायलेकी तो आवाज शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.