सदरा कुणाचा

बकरी शोधत खाली आलेल्या मार्सलीनं आधी आवाज ऐकला. ओल्या कापडावर लाकडी धोपाटणं पडल्याचा आवाज. थप्प. मग जरा उसंत. मग पुन्हा थप्प. तिनं हातातली दोरी छातीशी धरली आणि जवळच्या भूर्जाच्या खोडाआड उभी राहिली.

धुक्यात ओढ्याचा पलीकडचा काठ बुडाला होता. अलीकडे, जिथं पाणी उथळ होतं आणि एरवी गुरं उतरायची, तिथं एक बाई वाकून धूत होती. डोक्यावरून राखी घोंगडी ओढलेली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. या जागी कुणी धुणं धूत नसे. फिअर्नाच्या दरीतली लहान मुलंसुद्धा इथून जाताना बोलणं थांबवत.

बाईनं कापड उचलून पिळलं. पाणी तांबूस निघालं. तिनं झटकलं तेव्हा तो पुरुषाचा सदरा आहे हे मार्सलीला दिसलं, आणि गळ्याच्या मागच्या बाजूला निळ्या दोऱ्याचे सात-आठ टाके.

ते टाके तिचे होते. मागच्या हिवाळ्यात पांढरा दोरा संपला म्हणून तिनं आपल्याच घागऱ्याच्या काठाचा दोरा उसवून लाखलानचा, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, सदरा शिवला होता. त्यावरून तो तिला आठवडाभर चिडवत होता.

बकरी तशीच राहिली. मार्सली घरी पोहोचली तेव्हा तिचे वडील, मर्डो, दारात बसून चमचा कोरत होते. दोन वर्षांपूर्वी कड्यावरून पडून त्यांचा पाय गेला होता. म्हणूनच ते लढाईला गेले नाहीत आणि म्हणूनच आज दारात बसलेले होते.

"बाबा, ओढ्यावर ती आहे."

"ती कोण?"

"धुणारी."

त्यांचा चाकू थांबला. बाळंतपणात अकाली गेलेली बाई आपले उरलेले दिवस धुण्यात काढते, हे त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलं होतं आणि त्यांनी मार्सलीला. ती कुणाचे कपडे धुते हेही.

"सदरा बघितलास?"

"लाखलानचा."

मर्डोंनी चमचा खाली ठेवला. एप्रिलमध्ये राजाविरुद्ध उठलेल्या राजपुत्राच्या मागे दरीतून एकतीस माणसं लढायला गेली होती. कलोडनच्या माळावर त्याचा पराभव झाला आणि चारच परत आली. त्या चौघांनी लाखलानला पडताना पाहिलं होतं. त्याच्या आईनं, बेहागनं, मे महिन्यात सगळ्या दरीदेखत त्याचा शोक केला होता, केस मोकळे सोडून, छाती पिटून. राजाचे तांबड्या डगल्यांचे शिपाई तेव्हा घोड्यांवर बसून ते ऐकत होते.

"पोरी," मर्डो हळूच म्हणाले, "ती मेलेल्यांचे कपडे धूत नाही. मरणार असतात त्यांचे धुते."

"म्हणजे?"

मार्सली उंबऱ्यावर बसली. साडेतीन महिने ज्याच्यासाठी रडली तो आज सकाळपर्यंत जिवंत होता. आणि आता मरणार होता. हसू येतंय की रडू हे कळायच्या आत तिनं ओठ चावून धरला.

"तिला थांबवता येतं का?"

"तिच्या आणि पाण्याच्या मधे उभं राहिलं, तर विचारलेल्याचं खरं उत्तर तिला द्यावंच लागतं. म्हणतात असं. उभं राहिलेलं माणूस मी काही पाहिलेलं नाही." ते तिच्याकडे बघत राहिले. "जाणारच असलीस तर तिच्या पायांकडे बघू नकोस. बदकासारखे असतात. हसू आलं तर संपलं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मार्सली वरच्या अंगानं पाण्यात उतरली. राखण म्हणून कमरेला लोखंडी खिळा बांधला होता. पाणी बर्फासारखं होतं आणि तळचे दगड शेवाळलेले. एकेक पाऊल ठेवताना ती दगड चाचपत होती. पडले तर आवाज होईल. आवाज झाला तर ती मान वर करेल. मान वर केल्यावर घोंगडीखाली चेहराच नसला तर काय करायचं, याचा विचार तिनं केला नव्हता आणि आता तोच एक विचार डोक्यात राहिला होता. थप्प, असा आवाज पुढून येत होता. प्रत्येक थप्प तिच्या दातांत वाजत होता.

दहा पावलं. पाच. मार्सली पाण्याच्या बाजूनं बाईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि डोळे मिटून ओरडली,

"सदरा कुणाचा?"

"अगं बाई गं!" धोपाटणं पाण्यात पडलं. "जीव घेतलास की माझा!"

मार्सलीनं डोळे उघडले. घोंगडी खांद्यावर घसरली होती आणि समोर लाखलानची आई छातीवर हात ठेवून उभी होती. मार्सलीनं तिच्या पायांकडे पाहिलं. थंडीनं निळे पडलेले, भोवऱ्या आलेले, पाच-पाच बोटांचे पाय.

"बेहागमावशी?"

"हळू बोल. आणि ते धोपाटणं पकड, वाहत चाललंय."

मार्सलीनं ते पकडलं. ते दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं,

"जिवंत आहे?"

बेहागनं चहूकडे पाहिलं, मग होकारार्थी मान हलवली. "गोळी मांडीत होती. बाहेर काढली. आता पू येत नाही, नुसतं रक्त झिरपतं. वर आहे, कावळ्याच्या कड्याखाली."

"साडेतीन महिने! मला कुशीत घेऊन रडलात तुम्ही."

"रडले तर. तुझ्याकडे बघितलं की रडू यायचंच." बेहागनं सदरा पुन्हा दगडावर पसरला. "आठव जरा. शिपाई आले त्या दिवशी सार्जंटनं कुणाकडे बघितलं? माझ्याकडे? आई काय, कुणाचीही आरडाओरडा करते. तो तुझ्याकडे बघत होता. तू नुसती भिंतीला टेकून उभी होतीस. ते बघितल्यावर त्यानं माणसांना हाक मारली आणि निघून गेला. आतली अडगळसुद्धा तपासली नाही. तेव्हा अडगळीतच होता तो."

"मग माझा चेहरा वापरलात तुम्ही."

"मी नाही. तोच म्हणाला. मार्सलीला सांगू नकोस म्हणाला. तिला रडता येतं, खोटं बोलता येत नाही."

मार्सलीनं बेहागच्या हाताखालून सदरा ओढून घेतला आणि धोपाटण्यानं असा बडवला की गळ्याचा एक टाका तुटला.

"जपून गं," बेहाग म्हणाली. "दुसरा नाहीये त्याला."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर दगडावर बूट घासल्याचा आवाज आला. मग दुसरा. धुक्यातून तांबडे डगले बाहेर आले, पाच-सहा असतील. पुढे सार्जंट, त्याच्या बाजूला बोनेट, डोंगरी लोकांची लोकरी टोपी, घातलेला एक दाढीवाला. तो दुभाष्या होता, दक्षिणेकडच्या डोंगरातला, पगारावर त्यांच्यात गेलेला. बेहागनं घोंगडी डोक्यावर ओढली आणि मान खाली घातली. लपवायला वेळ नव्हता. सदऱ्यातलं तांबूस पाणी प्रवाहाबरोबर सरळ त्या काठाकडे चाललं होतं.

सार्जंट काहीतरी बोलला. दुभाष्या पाण्यात उतरला. दोन पावलं आला, तीन आला, आणि मधेच थांबला.

मार्सलीनं मान वर केली. तिला त्याचा चेहरा दिसला आणि तो काय बघतो आहे हे तिला कळलं. पहाट, उथळ पाणी, घोंगडीत तोंड लपवलेली बाई आणि रक्ताचा सदरा.

सार्जंटनं मागून पुन्हा आवाज दिला. त्यानं काय विचारायला सांगितलं होतं कोण जाणे. दुभाष्यानं अगदी हलक्या आवाजात, आपल्या भाषेत विचारलं,

"सदरा कुणाचा?"

मार्सलीनं काहीच ठरवलं नव्हतं. शब्द आपसूक तोंडातून गेले.

"तुझा."

बेहागचा श्वास थांबल्याचं तिला बाजूला ऐकू आलं. दुभाष्या वळला, पाणी उडवत काठावर गेला आणि सार्जंटशी भराभर काहीतरी बोलला. सार्जंटनं तोंड वाकडं केलं, हात झटकला आणि माणसांना खालच्या वाटेला लावलं. दुभाष्या शेवटी गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

आवाज पार विरल्यावर बेहाग मटकन पाण्यातच बसली.

"खोटं बोलता येत नाही म्हणे," ती म्हणाली.

दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या. हुंदके यावेत तसं हसू येत होतं आणि आवाज करायची सोय नव्हती.

दुपारी मार्सली घरामागे, आपणहून परतलेल्या बकरीची धार काढत होती. कावळ्याच्या कड्याकडे जायला अंधार पडेपर्यंत थांबायचं असं बेहागनं बजावलं होतं. तिच्यावर सावली पडली म्हणून तिनं पाहिलं. दुभाष्या उभा होता, एकटाच. बंदूक नव्हती. बोनेट हातात होतं.

मार्सली उठली नाही. तिनं धार काढणं चालू ठेवलं.

"भिऊ नकोस," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज ताळ्यावर नव्हता. "माझं नाव डूगल. ते खाली जेवताहेत. खालच्या वस्तीत विचारलं, ओढ्याजवळ तरुण बाई कुठे राहते म्हणून."

"मग?"

"म्हणजे तू बाईच आहेस. जिवंत." त्यानं बकरीकडे पाहिलं, भांड्यातल्या दुधाकडे पाहिलं. "पण तसं असलं तरी कधी कधी... माझ्या मामानं ऐकलं होतं, ती वाटेल त्या बाईच्या तोंडून बोलते."

मार्सलीनं होकार दिला असता तरी चाललं असतं. नुसतं गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तो गेला असता आणि पुन्हा या दरीत पाऊल ठेवलं नसतं.

"सार्जंटला काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"बाळंतिणीचे कपडे आहेत म्हटलं. तेच तोंडात आलं. घरी बायकोला आठवा लागलाय." तो खाली बसला, तिच्यापासून दोन हातांवर, आणि बोनेट गुडघ्यांवर ठेवून पिळत राहिला. "मला बाकी काही नको. एवढंच सांग. तो सदरा माझा नव्हता ना?"

आतून मर्डोंचा खोकला ऐकू आला. मग तोही थांबला. मार्सलीला कळलं की वडील दाराला कान लावून उभे आहेत. 'नव्हता' म्हटलं की पुढचा प्रश्न एकच उरत होता, आणि तो न विचारताही कुणाही शहाण्या माणसाला उत्तर मिळालं असतं. दरीत चार पुरुष परतलेले. चौघेही कधीच तुरुंगात नेलेले. रक्तानं भरलेला सदरा मग कुणाचा?

डूगलची बोटं बोनेटची लोकर एकेक धागा करून ओढत होती.

"नव्हता," मार्सली म्हणाली.

त्यानं हाताच्या पंजानं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"मग कुणाचा होता," तो उठत म्हणाला, "ते मला सांगू नकोस."

तिनं दुधाचं भांडं पुढे केलं. त्यानं उभ्याउभ्या दोन घोट घेतले, भांडं परत दिलं आणि खालच्या वाटेनं निघून गेला.

मार्सली अंधारासाठी थांबली नाही.

कावळ्याच्या कड्याखाली, उंच नेच्यांनी झाकलेल्या फटीत लाखलान बसला होता. दाढी वाढलेली, मनगटं काठ्यांसारखी. सकाळची हकिगत आईनं त्याला सांगितली होती. मार्सली आत वाकून आली तेव्हा तो पोट धरून हसत होता.

"तुझा म्हणालीस? तोंडावर? मार्सली, तू?"

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. साडेतीन महिने तिनं या चेहऱ्यासाठी काय काय योजलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. तिनं त्याच्या गालाला हात लावून पाहिला. गाल गरम होता. मग तिनं दुपारचं सगळं सांगितलं.

त्याचं हसू हळूहळू गेलं.

"त्याला खरं सांगितलंस?"

"हो."

"का?"

"तो विचारत होता," ती म्हणाली.

लाखलाननं तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. तो दुभाष्या बोलला तर शिपाई डोंगर धुंडाळतील म्हणून बेहागनं घोंगडी गुंडाळायला घेतली होती. दोघींनी त्याचा भार खांद्यांवर घेऊन त्याला तिथून काढलं. नेचे वाकवत, घसरत, वाटेचा माग राहतो आहे हे दिसत असून ते तिघं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला धनगराच्या पडक्या खोपीत पोहोचले. तिथं विस्तव पेटवायची सोय नव्हती. ओटची कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खायची आणि कान देऊन बसायचं. पक्षी उडाला तरी तिघं एकमेकांकडे बघत. लाखलाननं तिला एकदाही दोष दिला नाही. फक्त झोपताना तिचा हात आपल्या मुठीत धरून ठेवी, इतका घट्ट की बोटं दुखत.

नवव्या दिवशी बेहाग उठली. जुन्या जागेकडे जाऊन बघते म्हणाली. शिपाई येऊन गेले असतील तर कळेल, आले नसतील तरी कळेल. ती सकाळी गेली ती उन्हं उतरताना परतली. दोघं खोपीच्या दारात उभी होती.

"काय दिसलं?" लाखलाननं विचारलं.

बेहाग दगडावर टेकली. तिला दम लागला होता.

"नेचे," ती म्हणाली.

"तुडवलेत?"

बेहागनं नकारार्थी मान हलवली, आणि पहिल्यांदाच मार्सलीकडे पाहिलं.

"जाताना आपण वाकवले होते ना," ती म्हणाली, "तेसुद्धा उठून उभे राहिलेत."